खिडकीखालची कोळशाची मोटार

जळकोट, दि. ८ फेब्रुवारी १९४४

ती. स्व. सौ. उमाताईस मल्लिनाथचा शरणार्थ, वि. वि.

नाक्यावरची नोकरी मानवली का, असं तुम्ही विचारलंत. डोंबल मानवली! पेट्रोल मिळेना म्हणून सोलापूरची मोटार हल्ली कोळशाच्या गॅसवर चालते. जकातीसाठी सामान तपासून होईस्तोवर ती माझ्याच खिडकीखाली उभी, आणि भट्टी विझू नये म्हणून ड्रायव्हर ईरण्णा पंखा फिरवून निखारे फुलवत बसतो. धूर सगळा आत. डोळे चुरचुरतात, डोकं जड होतं, सुपारीच्या जागी साखर लिहिली जाते. मग खोडा, पुन्हा लिहा. मी रेंगाळलो की मोटार थांबते, मोटार थांबली की धूर वाढतो! महिनाअखेर मला कायम करायचं की नाही ते साहेब ठरवणार. ते मागच्या खोलीत बसतात, तिथं धूर जात नाही. मी आळशी आहे असं त्यांचं ठाम मत.

दाजींना शरणार्थ. माया आटू देऊ नये.
आपला, मल्लिनाथ

बेंबळी, दि. १४ फेब्रुवारी

चि. मल्लिनाथास अनेक आशीर्वाद.

लहानपणी चुलीजवळ बसवलं की तू पळायचास, म्हणून आम्ही तुला नवाब म्हणायचो. तो नवाब रोज धूर खातोय हे वाचून जीव तुटला. तुझे दाजी म्हणाले, साहेबाच्या तोंडी लागू नको म्हणावं, नाक्यासमोर निंब पाहिलाय मी, टेबल उचलून त्याच्याखाली मांड. तू कायम झालास की चन्नम्माच्या वडिलांना लग्नाचा होकार कळवायचा आहे. ते वाट बघतायत.

जिवाला जप.
तुझी उमाताई

जळकोट, दि. २ मार्च

ती. स्व. ताईस शरणार्थ, वि. वि.

निंबाखाली बसलो आणि काय सांगू! आठवडाभर एक खाडाखोड नाही. ईरण्णाचं पान जमेपर्यंत मोटार मोकळी. साहेब बघायला आले, घटकाभर बसले, त्यांना वारा आवडला. आता तिथं त्यांची खुर्ची आहे आणि मी पुन्हा खिडकीत. वर शेरा मारला, की निंबाखाली नीट लिहितो, म्हणजे याला काम येतं. आधीच्या चुका कामचुकारपणाच्या. कायम करणं नामंजूर. चन्नम्माच्या वडिलांना काय कळवायचं ते तुम्हीच बघा, मला तोंड नाही.

संतापानं काल राजीनामा लिहिला. खिडकीखाली मोटार उभीच होती. साहेबांनी तो निंबाखाली बसून वाचला आणि परत पाठवला. तारीख चुकलीय म्हणे, दुरुस्त करून आणा.

राग तुमच्यावर नाही, लोभ असू द्या.
मल्लिनाथ