गाडी दिसत होती

१३ एप्रिल, रविवार

पुन्हा तेच! सकाळी नचिकेत पोहे-जिलबी आणायला निघाला तो दोन्ही मुलांना घेऊन. मला वाटलं, वा, रविवारच्या मुहूर्तावर बापाला माया फुटली. परत आल्यावर शमिका सांगते—आम्ही तर गाडीतच होतो, बाबा लाइनीत होते. शमिका सात वर्षांची. देवांशला अजून चार पूर्ण नाहीत. ही दोघं गाडीत, आणि बाप कढईसमोर, वरून जास्तीची शेव टाकून घेत!

विचारलं तर म्हणाला, गाडी दिसत होती. त्या दुकानासमोरची रविवारची गर्दी मी पाहिलेली आहे. तिथे माणसाला स्वतःच्या हातातली प्लेट दिसत नाही.

शिवाय काच चार बोटं खाली होती म्हणे. हा त्याचा नियम. कोणाची बोटं, ते मी विचारलं नाही. पोहे गार झाले होते. तरी दोनदा घेतले.

१५ एप्रिल

एक गोष्ट लिहून ठेवलीच पाहिजे. माझा नवरा पीथमपूरच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. पगार त्याला धोके ओळखण्याचा मिळतो. एकदा त्यांचे जनरल मॅनेजर हेल्मेट न घालता आत शिरले, तर ह्याने त्यांना गेटवरून परत पाठवलं. हा किस्सा आमच्याकडे दर पाहुण्यागणिक होतो. पाहुणे बदलतात, आम्ही तेच!

घरातही तीच शिस्त. गॅसच्या ओट्यापुढे पिवळी पट्टी. देवघराशेजारी आग विझवायचा लाल सिलिंडर टांगलाय. सासूबाई रोज देवांबरोबर त्यालाही कुंकू लावतात. त्याला समईतून धोका दिसतो, उदबत्तीतून दिसतो. उन्हात उभ्या गाडीत बसलेली पोटची पोरं तेवढी दिसत नाहीत.

१८ एप्रिल

आज चर्चा. म्हणजे भांडणच, पण चहा पीत पीत.

त्याचं म्हणणं असं: मुलांना बाहेर काढायचं म्हणजे पट्टे सोडा, देवांशची चप्पल शोधा, दोघांचे हात धरून रस्ता ओलांडा. इंदूरचा रस्ता ओलांडणं हाच मोठा धोका, गाडी त्यापेक्षा सुरक्षित. मी म्हटलं, उन्हाचं काय? तर एसी चालू ठेवतो. म्हणजे इंजिन चालू, चावी आत, आणि देवांश गिअरशी खेळणार? बरं, मग एसी बंद ठेवतो. असा हा शास्त्रज्ञ.

मध्येच सासूबाई म्हणाल्या, "नचिकेतला मी राजवाड्याच्या बाजारात साड्यांच्या दुकानाबाहेर स्कूटरवर बसवून जायची. जरा हलायचा नाही." मनात म्हटलं, म्हणूनच असा झाला. तोंडाने म्हटलं, हो का!

१९ एप्रिल

शमिकाला शिकवलं—भीती वाटली की पुढे वाकून जोरात हॉर्न दाबायचा. संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये सराव घेतला. तिने भरपूर वाजवला. आख्ख्या सोसायटीतून एकही डोकं खिडकीत आलं नाही.

नचिकेत पोट धरून हसला. इंदुरात हॉर्न वाजवून मदत मागणारी तूच पहिली, म्हणाला. खरंच होतं, म्हणून जास्त राग आला.

२२ एप्रिल

ऊन असं की गाडीच्या पट्ट्याचं लोखंड हाताला चटका देतं. नचिकेतला म्हटलं, जा, मागच्या सीटवर बसून ये जरा, काच चार बोटं खाली ठेव. गेला नाही.

२७ एप्रिल, रविवार

नीट लिहिता येत नाहीये. तरी लिहिते.

मी शिकवते त्या भंवरकुआंच्या कोचिंग क्लासमध्ये माझा जादा तास होता. रविवारीही पोरांना केमिस्ट्री लागते. नचिकेत मुलांना घेऊन राजवाड्याला गेला, त्याच्या आईंचे ब्लाउज शिंप्याकडून आणायला. गाडी गल्लीच्या तोंडाशी लावली, मुलांना म्हणाला "येतो हं", आणि गेला.

आमच्याकडे निघताना कोणी "जातो" म्हणत नाही. आईंचा दंडक. कोणी चुकून म्हणालाच तर त्याला परत बसवतात, पाणी पाजतात, आणि "येतो" वदवून मगच सोडतात. पण देवांशचं अर्धं बोलणं शाळेतलं हिंदी. त्याने "येतो" ऐकलं आणि त्याचा सरळ अर्थ घेतला—बाबा येतायत. तो वाट बघत बसला. बाबा येईनात. तेव्हा त्याने ठरवलं की बाबांना गाडी सापडत नाहीये. आणि दार उघडून बाबांना आणायला निघाला!

दार उघडलं कसं? चाइल्ड लॉक नव्हतं. का नव्हतं? तर आपत्कालीन मार्ग कधी बंद ठेवायचा नसतो!! हे सेफ्टी ऑफिसर.

शमिकाने त्याचा शर्ट धरला होता, सुटला. मग बिचारीने मी शिकवलं तसं केलं. हॉर्न दाबून धरला. मागच्या गाड्यांनीही उलट हॉर्न दिले. कोणीतरी ओरडलंसुद्धा, गाडी हटाओ म्हणून. हे ती सांगत होती तेव्हा मला तिच्याकडे बघवेना.

देवांश पलीकडच्या गल्लीत एका बांगड्यांच्या दुकानात सापडला. स्टुलावर बसवलं होतं, हातात बिस्किट. दुकानदार नचिकेतला म्हणाला, "भिया, बच्चा तो बोल रहा था कि पापा गुम हो गए."

हे सगळं मला शमिकाकडून कळलं. नचिकेत घरी आल्यावर फक्त ब्लाउज मिळाले एवढंच म्हणाला होता. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. बाहेर आले तर तो म्हणतो, "संहिता, हे निअर मिस आहे. कोणाला काही झालेलं नाही."

निअर मिस! कारखान्यात होता होता टळलेल्या अपघाताला असं म्हणतात. त्याच्यावर मीटिंग होते, कारण शोधतात, मग चहा-समोसे. मला त्याला मारावंसं वाटलं. लिहायला लाज वाटत नाही.

२८ एप्रिल

आईंनी रात्रभर विचार करून तोडगा काढला. एवढा दंडक त्यांनी जन्मभर सांभाळला, पण नातवासाठी मोडायला तयार! सकाळी नचिकेतला बोलावून म्हणाल्या, "मुलांना गाडीत सोडताना 'जातो' म्हणत जा. चालेल. देव समजून घेईल."

म्हणजे दोष क्रियापदाचा! आणि तो मान डोलावत होता! मुलांना गाडीत सोडायचंच नाही, हे ह्या घरात कोणाला सुचत नाही. व्याकरण सुधारलं की झालं.

१ मे

त्याने चाइल्ड लॉक लावलं. मला अभिमानाने दाखवलं. म्हणजे आता मुलं आत कोंडलेली, बाहेर पडायची सोय नाही. ह्याला सुधारणा म्हणतात. मी बोलले. तो बोलला. वरण उतू गेलं.

२ मे

कालचंच.

४ मे, रविवार

आज दुपारी मोठा सामना झाला. आई भजनाला गेलेल्या, म्हणजे पंच नव्हते.

नचिकेतने शेवटी ऑफिसची पद्धत काढली. शमिकाच्या पाटीवर आडव्या-उभ्या रेघा मारल्या. शक्यता गुणिले परिणाम. गाडीत मूल दोन मिनिटं ठेवलं तर वाईट घडायची शक्यता एक, परिणाम पाच. पाच एके पाच, म्हणजे हिरवा रकाना, म्हणजे काम चालू ठेवा. इतका खूश होता स्वतःवर! मी विचारलं, परिणाम पाच म्हणजे काय रे?

"फॅटॅलिटी," तो म्हणाला. सवयीने म्हणून गेला.

मी म्हटलं, "मराठीत सांग."

खडू हातात तसाच. त्याचा चेहरा असा उतरला की मी तिथेच थांबायला हवं होतं. पण इतक्या आठवड्यांनी जिंकत होते. कोण थांबतं! मी म्हटलं, नाही नाही, मराठीत सांग ना, आपल्या देवांशचं नाव घालून सांग. मग तोही सुटला. माझा हॉर्न काढला, माझे रविवारचे तास काढले. मुलांपेक्षा परक्या पोरांची केमिस्ट्री मोठी, म्हणाला. मी त्याच्या आईची स्कूटर काढली. आवाज इतके चढले की समोरच्या फ्लॅटचं दार उघडून पुन्हा बंद झालं. ऐकू दे! चुकतोय तो, मी नाही. शेवटचं वाक्य माझं होतं.

४ मे, संध्याकाळी

भांडून झाल्यावर चहा टाकायला उठले तर मुलं घरात नाहीत. खाली सापडली, आमच्याच गाडीत, मागच्या सीटवर, दारं लावून. शमिकाने चावी घेऊन गाडी उघडली होती. देवांश घामाने चिंब, लालबुंद, मान टाकलेली. नचिकेतने त्याला उचलून तसाच बागेच्या नळाखाली धरला. मूल रडायला लागलं तेव्हा आम्हाला श्वास आला. डॉक्टरांकडे जाऊन आलो, दोघं ठीक आहेत, आता झोपलीत.

मी शमिकाला विचारलं, तुम्हाला तिथे कोणी बसवलं?

"कोणी नाही. तुम्ही दोघं भांडता ना, तेव्हा आम्ही रोज तिथेच बसतो. दार लावलं की ऐकू येत नाही."