तुमच्या ‘ळ’वर मारलेल्या फुल्या

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन आठ महिने झाले. आज लिहिते आहे, कारण आज दवाखान्यातल्या माझ्या वाचोपचाराच्या खोलीत लकवा झालेल्या डोणगावच्या एका बाईंनी केळ्याच्या चित्राला ‘केयं’ म्हटले आणि मी सवयीने तक्त्यावर फुली मारली. शेजारी बसलेली त्यांची सून म्हणाली, "मॅडम, माह्या सासूबाई पहिल्यापासून असंच म्हणतात. आमच्याकडं समदेच म्हणतात."

मी फुली खोडली. पुढचे चित्र काढण्याआधी तुमचा तक्ता आठवला. त्यावर अशा किती फुल्या आहेत, ते मला माहीत आहे.

लकव्यानंतर तुमचे आवाज एकेक करून परत आले. आधी प, ब, म. त्यांना ओठ पुरतात. मग त, न. ‘ल’ यायला दीड महिना लागला. जिभेचे टोक वरच्या दातांमागच्या उंचवट्याला टेकवून धरायचे आणि आवाज जिभेच्या बाजूंनी सोडायचा. तुमची उजवी बाजू ढिली होती. तरी एका सकाळी तुम्ही ‘लसन’ म्हणालात! आई पिठाच्या हातांनी धावत आली.

मला तेवढे पुरले नाही. मी ‘ळ’ची चित्रे काढली. ‘ळ’साठी टोक मागे वळवून टाळूला लावायचे आणि पुढे झटकायचे. तुम्ही आरशासमोर घाम येईपर्यंत प्रयत्न केलात. मुळ्याचे चित्र, ‘मुया’. फुली. डोळ्याचे चित्र, ‘डोया’. फुली. ‘य’ म्हणताना जीभ टाळूजवळ जाते, टेकत नाही. मी तेवढेच ऐकत होते.

"काऊन तरास देऊन राह्यली वं त्यायले?" आई म्हणाली. "लग्नात बी मंगयसूत्रच म्हणले होते ते. भटजीनं काई परत नाई धाडलं!"

तुम्ही हसलात. मी म्हणाले, "आई, उपचार चालू आहेत."

तुम्ही जन्मभर असेच बोलत होतात, हे मला माहीत नव्हते का? मीही तशीच बोलायचे. पुण्याच्या वसतिगृहात मुली हसल्या, म्हणून मी ‘ळ’ घोटला. धडधाकट जिभेला तीन महिने लागले होते. तुमच्या आजाराच्या आडून मी तुमची बोली दुरुस्त करायला निघाले होते. हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही.

मग एकदा शेजारच्या वावरातले श्रावणकाका तुम्हाला भेटायला आले. "सांग गड्या, कोपऱ्यात काय लावू यंदा?" तुम्ही ‘मु’ म्हणालात, माझ्याकडे पाहिलेत आणि तोंड मिटलेत. डाव्या हाताने जमीन दाखवलीत, मग लांबी.

"एवढा साप निघाला का बे वावरात?"

सगळे हसले. तुम्हीही, अर्ध्या तोंडाने. मला शब्द माहीत होता, ‘मुया’. मी तो दिला नाही. रुग्णाला शब्द पुरवू नये, असे आम्हाला शिकवतात. काकांनी पालक लावला.

त्या दिवसापासून तुम्ही माझ्यासमोर नुसते बोट दाखवू लागलात. मी दवाखान्यात गेले की आईशी मात्र बोलायचात, हे मला नंतर कळले. दुसरा झटका येईपर्यंत आपल्याकडे दोन महिने होते, बाबा. ते सगळे बोलणे तिने ऐकले. मी नाही.

तुम्ही एकदा तरी रागवायचे होते! ‘चूप बस’ म्हणायला कुठे ‘ळ’ लागतो?

यापुढे चित्रे काढण्याआधी मी घरच्यांना विचारीन, "आजाराआधी हे कसे बोलायचे?" उत्तर पूर्ण ऐकल्याशिवाय पेन उचलणार नाही.

आणि आज घरी गेल्यावर आईजवळ बसणार आहे. त्या दोन महिन्यांत तुम्ही तिला काय काय सांगितले, ते जसेच्या तसे, तुमच्याच उच्चारांत बोलून दाखव म्हणणार आहे. मध्ये एक शब्दही सुधारणार नाही.

तुमची,
अश्विनी