तुला दिलेली इंजेक्शनं

प्रिय धम्मप्रिया,

जय भीम. तुझं हे नाव मी आयुष्यात पहिल्यांदाच लिहितोय. सकाळपासून तीन कागद फाडले. पहिल्यावर सवयीने 'यशपाल' लिहून गेलो. दुसऱ्यावर नाव बरोबर आलं, पण दोन ओळींतच 'तू गेलास' असं उमटलं. तिसऱ्यावर 'तू गेलीस' लिहिलं आणि पुढे काही सुचेना. हा चौथा. यात कुठे चुकलं तर ती हाताची चूक समज. मनाच्या चुका पुढे लिहिल्याच आहेत.

मी सोलापुरातच आहे, विजापूर रोडच्या त्याच दोन खोल्यांत. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यावर श्रीपूरची कॉलनी सोडून तुझी आई आणि मी इथे आलो, तेवढं तुला ठाऊक असेल. पुढचं कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही. दोन वर्षांपूर्वी लघवीचा त्रास सुरू झाला, तपासण्या झाल्या आणि प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. तोवर तो मणक्यात उतरला होता. डॉक्टर म्हणाले, हा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर पोसतो, तेव्हा ते हार्मोनच बंद करून टाकायचं. दर तीन महिन्यांनी पोटावर एक इंजेक्शन आणि रोज एक गोळी. त्यांनी हार्मोनचं नाव सांगितलं, टेस्टोस्टेरॉन. मी खुर्चीत बसल्या बसल्या गार पडलो. त्यांना वाटलं, कॅन्सर ऐकून. त्या हार्मोनचं नाव मी त्याआधी एकदाच ऐकलं होतं, तुझ्यासाठी.

तुला आठवतं तितकं मागे जातो, कदाचित त्याहून थोडं मागे. तू चार वर्षांची होतीस. कॉलनीतल्या बायका नळावर जमल्या की तू त्यांच्यात जाऊन उभी राहायचीस. आईने हाक मारली की तू ओरडायचीस, "येती गं!" बायका हसायच्या. 'येतो म्हण' असं मी तुला सांगायचो. तू 'येतो' म्हणायचीस आणि लगेच पुढच्या वाक्याला 'मी जेवती' म्हणायचीस. आधी मी नुसतं टोकायचो. मग प्रत्येक 'ती'ला एक चापट ठेवली. सहा महिन्यांत तू 'तो' शिकलीस. मी प्रयोगशाळेत सगळ्यांना सांगितलं, पोरगं सुधारलं. तू सुधारली नव्हतीस, तू बोलणं कमी केलं होतंस. हे मला आत्ता, बासष्टाव्या वर्षी कळतंय.

आठवीत तुझ्या वर्गातल्या मुलांना मिसरूड फुटायला लागलं. तुझा आवाज मात्र तसाच बारीक होता. बुद्धविहारात तू वंदना म्हणायला लागलीस की म्हातारी माणसं डोळे मिटून बसायची. मला तो आवाज ऐकवत नसे. शाळेच्या पीटीच्या मास्तरांनी मला बोलावून घेतलं, म्हणाले, ओव्हाळ, मुलगा मुलींच्या रांगेत उभा राहतोय, मुलं त्रास देतात, बघा काहीतरी. कॉलनीत कुणी गंडा बांधायला सांगितला, कुणी अंगारा आणून दिला. मी सगळ्यांना झिडकारलं. आपण विज्ञान मानणारी माणसं, असल्या गोष्टी आपल्या घरात होणार नाहीत, असं तुझ्या आईला छाती ठोकून सांगितलं आणि आठवी संपल्यावर तुला सोलापूरला सात रस्त्याजवळच्या एका डॉक्टरकडे घेऊन आलो. त्याने तुला तपासलं, रक्त घेतलं, मला बाहेर बोलावून म्हणाला, टेस्टोस्टेरॉन हार्मोन कमी आहे, भरून काढू, मग चाल, बोलणं, आवड सगळं आपोआप वळणावर येईल. मी त्याच्यावर एका क्षणात विश्वास ठेवला. उसाच्या रसात काय कमी आहे ते मोजायचं आणि तेवढं वर टाकायचं, हाच तर माझा रोजचा धंदा होता.

दर पंधरा दिवसांनी शनिवारी आपण सकाळच्या एसटीने निघायचो. तिसऱ्या खेपेला आई आडवी आली. उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "लेकराला नगं वाटतंय तर कशाला टोचताय? हाय तसं ऱ्हाऊ द्या की." मी तिला अडाणी म्हणालो. त्या दिवसापासून इंजेक्शनाच्या शनिवारी तुझी आई जेवत नसे. वर्षाच्या आत तुझा आवाज फुटला, गालावर केस आले, खांदे रुंद झाले. प्रयोगशाळेत मी पेढे वाटले. तू विहारात वंदना म्हणणं बंद केलंस आणि मग विहारात येणंच बंद केलंस. एकदा मी दाढी करत असताना तू मागे येऊन उभी राहिलीस आणि आरशातल्या मला म्हणालीस, "पप्पा, हे अंग माझं न्हाई वाटत." मी म्हणालो, सवय होईल. तू नववीत होतीस.

आता माझं ऐक. बापाने मुलीला लिहू नये असं आहे, पण दुसरं कुणी उरलेलं नाही आणि हे तुलाच कळेल. इंजेक्शनं सुरू झाल्यावर तीन महिन्यांत माझ्यातलं ते हार्मोन जवळजवळ शून्यावर आलं. भर थंडीत अंगातून वाफा निघायच्या, शर्ट भिजायचा. छाती दुखायला लागली आणि मग बाईमाणसासारखी वाढली. बनियन घासला तरी कळ यायची. बाईविषयी मनात काही येणं पूर्ण थांबलं. वयामुळे कमी होतं तसं नव्हे, दिवा मालवावा तसं. तुझी आई गेल्यावरही तिच्या आठवणीने अंगात काहीतरी हलायचं, तेही गेलं. क्षुल्लक कारणाने रडू यायला लागलं. अंघोळीच्या वेळी मी आरशाकडे पाठ करून कपडे काढायला लागलो, कारण आरशात जो होता तो मी नव्हतो. आणि तेव्हा, तांब्या हातात धरून उभा असताना, तुझं ते वाक्य आठवलं.

पण एक गोष्ट या सगळ्यात तसूभरही हलली नाही. मी रावसाहेब ओव्हाळ, पुरुष, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगितलं असतं. हार्मोन गेलं, इच्छा गेली, छाती वाढली, पण मी बाई झालो नाही. मग तुझ्या अंगात ते ओतून तू मुलगा कशी होणार होतीस?

हा प्रश्न मी डॉक्टर झीनत यांना विचारला. कॅन्सरच्या डॉक्टरांनीच मला त्यांच्याकडे पाठवलं होतं, हार्मोनच्या तज्ज्ञ आहेत. तुझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. म्हणाल्या, बाळ पोटात असताना शरीराचे अवयव आधी घडतात आणि मेंदूतली घडण नंतर होते. हार्मोनचा हात दोन्हीला लागतो, पण वेगवेगळ्या वेळी. त्यामुळे शरीर एकीकडे आणि मेंदू दुसरीकडे असं होऊ शकतं, असं बऱ्याच संशोधकांना वाटतं. नक्की कसं, ते अजून कुणालाच सांगता येत नाही. पण वयात येताना मिळणारं हार्मोन शरीर बदलतं, इच्छा वाढवतं किंवा कमी करतं, आपण कोण आहोत ते बदलत नाही. मला एकदम कारखाना आठवला. साखर उसातच असते, कारखाना फक्त ती बाहेर काढतो, हे मी उभं आयुष्य शेतकऱ्यांना समजावत आलो आणि घरी मात्र त्याच्या उलट करत बसलो.

मी त्यांना तुझं सगळं सांगितलं आणि लबाडीही केली. म्हणालो, डॉक्टर, इंजेक्शनं दिली नसती तरी वर्षा-दोन वर्षांत तिचा आवाज फुटलाच असता ना? त्या म्हणाल्या, बहुतेक फुटला असता. मला हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग त्या हळूच म्हणाल्या, "पण काका, तो तिच्या शरीराने फोडला असता. तुम्ही नाही." तिथून बाहेर पडलो आणि सात रस्त्यावर नुसता उभा राहिलो. पलीकडे जायला रस्ता मिळेना. एका रिक्षावाल्याने हाताला धरून पलीकडे नेलं.

बारावीनंतर तू गेलीस, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. तू गेली नसतीस तर जगली नसतीस, असं तुझी आई म्हणायची. ती तुझ्याशी फोनवर बोलायची ते मला माहीत होतं. मी खोलीत आलो की ती फोन पदराखाली घ्यायची आणि मी न पाहिल्यासारखं करायचो. माझ्याकडून झालेला एवढाच चांगुलपणा. तुझं हे नाव कुठून आलं तेही मला तिच्याकडूनच कळलं, शेवटच्या आजारात. तू पोटात असताना तिने दोन नावं ठरवली होती, मुलगा झाला तर यशपाल, मुलगी झाली तर धम्मप्रिया. म्हणजे तू दुसरं नाव घेतलंस, तेही तिचंच होतं. हे सांगताना ती हसत होती. मी उठून बाहेर गेलो.

आणि मग बावीस सालचा तो दिवस. आई गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाला हॉलमध्ये पन्नास-साठ माणसं होती. तू पांढऱ्या साडीत मागच्या रांगेत येऊन बसलीस. आठ वर्षांनी बघत होतो, तरी दारातच ओळखलं, तू आईसारखी मान खाली घालून चालतेस. वंदना सुरू झाली तेव्हा तुझे ओठ हलले नाहीत. कारखान्यातले आबासाहेब माझ्या कानाशी लागले, "मागं बसल्यात त्या कोण?" मी म्हणालो, "चांगुणाच्या कुणी ओळखीच्या असतील." हळू म्हणालो असं मला वाटलं होतं. तू मान वर करून माझ्याकडे पाहिलंस. मग उठलीस, आईच्या फोटोपुढे फूल ठेवलंस आणि न जेवता गेलीस. मी तुझ्यामागे गेलो नाही. माणसं होती, जेवणं वाढायची होती, असं काहीबाही मनात म्हणत राहिलो. त्यासाठी मी माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल आणि तेवढंही ओझं तुझ्यावर टाकायचा मला हक्क नाही.

माझी इंजेक्शनंही आता लागू पडत नाहीत. हार्मोन शून्यावर आहे तरी कॅन्सर वाढतोय, त्याला आता त्याचीही गरज उरली नाही. डॉक्टर आकडे सांगत नाहीत, मीही विचारत नाही. तू यावंस म्हणून हे लिहीत नाही. येऊ नकोस. तुझ्या येण्याने मला बरं वाटेल आणि तुला काहीच मिळणार नाही.

लिहायचं कारण वेगळं आहे. मंगळवारी तुझा ज्ञानूमामा आला. त्याने खिशातून फोन काढला आणि तुझा निरोप माझ्यापुढे धरला. 'त्यांना विचार, २०१० साली मला कोणतं इंजेक्शन देत होते, डोस किती, किती महिने. माझ्या डॉक्टरांना हवंय. बाकी काही बोलू नको.' अकरा वर्षांत तू मला विचारलेली ही पहिली गोष्ट. तुला काय होतंय ते तू लिहिलं नाहीस आणि मीही विचारत नाही. मी बुधवारी सात रस्त्याला गेलो. तो डॉक्टर वारला, दवाखान्याच्या जागी चष्म्याचं दुकान आहे. त्याचा कंपाउंडर गुरुशांत अक्कलकोटला असतो असं कळलं, गुरुवारी तिथे जाऊन आलो. त्याला काही आठवत नाही. आपल्याकडची फाइल तू गेलीस त्या दिवशी मीच रागाने जाळली. म्हणून जे आठवतं तेवढं लिहितो. दोन हजार दहाच्या जूनपासून पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत, दर पंधरा दिवसांनी, मध्ये परीक्षेमुळे दोनदा चुकलं. औषध पिवळसर, तेलकट, तपकिरी काचेच्या छोट्या कुपीत. एकदा उजव्या कमरेत, एकदा डाव्या. डॉक्टर झीनत म्हणतात, एवढ्यावरून अंदाज बांधता येईल, खात्री देता येणार नाही. त्यांचा नंबर खाली लिहिलाय, त्या तुझ्या डॉक्टरांशी बोलतील. टेस्टोस्टेरॉन होतं एवढंच ठाऊक; औषधाचं नेमकं नाव आणि डोस मी सांगू शकत नाही, धम्मप्रिया. कुपी दर वेळी माझ्या डोळ्यांसमोर टेबलावर असायची. तिच्यावरचं मी कधी वाचलं नाही. तू हलू नयेस म्हणून मी तुझे दोन्ही हात धरून ठेवलेले असायचे.

तुझाच,
पप्पा