न खेळलेली फायनल

ग्रीन बे,
११ डिसेंबर १९६१

ती. ओडील आत्यास,
सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल, एक मी सोडून.

पहिली बातमी तुला ठाऊकच असेल. एकतीस तारखेची फुटबॉलची फायनल आपल्या गावात! आपले पॅकर्स सहा वेळा अजिंक्य ठरले, पण अजिंक्यपदाचा सामना ग्रीन बेने स्वतःच्या मैदानावर कधी पाहिला नाही. एकोणचाळीसची फायनल तर तुमच्या मिलवॉकीने पळवली. बाबा त्यावरून तुझ्याशी अजून अर्धंच बोलतात. न्हाव्यापासून पाद्रीबाबांपर्यंत सध्या दुसरा विषय नाही.

दुसरी बातमी, माझं लग्न मोडलं. म्हणजे ठरलं नव्हतं, ठरण्याआधीच मोडलं.

मार्सेला बेटन. टेलिफोन एक्स्चेंजवर बसते, तुला मागच्या पत्रात चार पानं तिच्याबद्दलच लिहिली होती. काल तिच्या वडिलांनी जेवायला बोलावलं. चुलीवर बूयाच्या रश्श्याचं पातेलं रटरटत होतं, कोंबडीचा वास घरभर. सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात बेटनकाका म्हणाले की हे सातवं अजिंक्यपद येणार. मी म्हणालो, सातवं कसलं, चौथं. एकोणतीस, तीस, एकतीस साली फायनल होतीच कुठे? हंगामभराचे जय-पराजय मांडायचे आणि जो वर, त्याला हार घालायचा. परीक्षेला न बसता मिळालेली पदवी ती!

काकांनी डाव पातेल्यात टाकला आणि म्हणाले, परीक्षा अर्ध्यावर टाकून पळालेल्याने पदवीच्या गोष्टी करू नयेत. मी म्हणालो, पळालो नाही, कंटाळलो. ते म्हणाले, इथेही कंटाळा आला असेल, दार तिकडे आहे.

आत्या, एक घासही न खाता बाहेर. मार्सेला फाटकापर्यंत आली. तिची आई गेल्यापासून त्या घरात बापलेक दोघंच. ती शांतपणे म्हणाली की बाबा ज्याच्याबरोबर एका टेबलाशी जेवणार नाहीत, त्याच्याशी मी लग्न करणार नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

मी माफी मागणार नाही. चूक नसताना कशाला? पण तिच्याशिवाय जगणारही नाही. हसू नकोस. डॉक्टरांनी बाबांना थंडीत बसायला बंदी केलीय, त्यामुळे घरची दोन्ही तिकिटं माझ्याकडे आली आहेत. मार्सेलाला नेतो, आपण जिंकलो की तिथेच विचारतो. कसं वाटतं?

माया आहेच, या पत्राने ती उणी होऊ देऊ नकोस.

तुझा भाचा,
नॉर्बर्ट


मिलवॉकी,
१५ डिसेंबर १९६१

चि. नॉर्बर्ट यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून हसले. तू नको म्हणालास म्हणून जास्तच हसले.

फायनल आम्ही पळवली नाही, मोठं मैदान इथे होतं. हे तुझ्या बापाला सांगून मी दमले, आता तू सांग.

विल्फ्रेड बेटनला मी लहानपणापासून ओळखते. एकोणतीस साली संघ गाडीने परत आला तेव्हा अर्धं गाव लाल मशाली घेऊन रुळांशी उभं होतं. विल्फ्रेड रेल्वे यार्डात नुकताच नोकरीला लागलेला. इंजिनापुढे टोपी उडवत धावत होता, त्याच्या आईचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्या वर्षी आपली पोरं एकही सामना हरली नव्हती. आणि तू त्याच्याच घरी बसून त्याला सांगितलंस की ते सगळं झालंच नाही. त्याने डाव पातेल्यात टाकला, तुझ्या डोक्यात नाही, हे नशीब समज.

आता नीट ऐक. मार्सेलाला नेऊन काय मिळवशील? ती नाही म्हणते ती बापापायी. दुसरं तिकीट विल्फ्रेडला दे. शेजारी बस, तोंड बंद ठेव, तो म्हणेल त्याला मान डोलाव. कॉलेजात चार वर्षं टिकला नाहीस, एक दुपार टीक.

लोकरीचे मोजे दोन जोड घाल. रागाने पाय गरम राहत नाहीत.

आशीर्वाद नेहमीचेच, पण या खेपेला जरा जास्त पाठवते, तुला लागतील.

तुझी,
ओडील आत्या


ग्रीन बे,
२३ डिसेंबर १९६१

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. काकांसाठीचं तिकीट मार्सेलाच्या हाती दिलं. ती तिकिटाकडे पाहत राहिली. मग म्हणाली की मला वाटलं होतं तू मला नेशील. आणि दार लावून घेतलं. गावात सामना टीव्हीवर दाखवणार नाहीत, बिचारी रेडिओला कान लावून बसणार.

काका येणार की नाही, काही निरोप नाही. आता बाप आणि लेक दोघंही माझ्याशी बोलत नाहीत. मिलवॉकीने आमची दुसरी फायनल पळवली, एवढंच म्हणतो.

तरी नाताळच्या शुभेच्छा. रागावलो आहे, पण तुझाच आहे.

नॉर्बर्ट


ग्रीन बे,
१ जानेवारी १९६२

ती. ओडील आत्यास,
सा. न. वि. वि.

न्यूयॉर्कचा ३७–० असा धुव्वा उडाला, ते तू ऐकलंच असशील. बाकीचं मी सांगतो.

मी फार लवकर जाऊन बसलो. मैदान गोठू नये म्हणून पसरलेला पेंढा अजून उचलत होते. माणसं भरली, बँड वाजला, तरी शेजारची जागा रिकामीच. अगदी शेवटी काका आले, अंगात शिकारीचा कोट, काखेत घोंगडी. बसले आणि अर्धी घोंगडी माझ्या गुडघ्यांवर टाकली. मान डोलवायला मी तयार होतो, पण ते काही म्हणतच नव्हते.

चारपैकी पहिल्या भागात दोन्हीकडे शून्य. दुसऱ्यात आपले चोवीस! मध्यंतराला काकांनी कॉफी ओतली, पहिला पेला मला दिला. आणि आत्या, माझ्या मनात भलतंच आलं. ज्या सामन्यासाठी सगळं गाव जन्मभर थांबलं, तो अर्ध्यातच संपला होता. तिथे जिंकायचं काही उरलंच नव्हतं. जे जिंकायचं ते पोरांनी सप्टेंबरपासून दर रविवारी थोडं थोडं जिंकून ठेवलं होतं. मला जे वाटलं ते बोललो. म्हणालो, काका, एकोणतीसचं पद खरं होतं, मी चुकलो.

मला वाटलं, ते पाठीवर हात ठेवतील. कसलं काय! काका उसळलेच. म्हणाले, चुकलास कसा, डोळे आहेत ना तुला? बत्तीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की फायनल लागत नाही. आज ती समोर पाहतोय आणि कळतंय आमचं काय हुकलं ते. खरं पद हे! मी म्हणालो, हंगामभर तेरा सामने न हरणं जास्त अवघड. ते म्हणाले, महिनोन्‌महिने हातात असले की कोणीही सावरतो, एका दुपारी जिंकून दाखव. पुढचे तेरा गुण आम्ही दोघांनीही धड पाहिले नाहीत. मागचा माणूस म्हणाला की भांडायचंच होतं तर तिकिटं आम्हाला द्यायचीत.

सामना संपला, भांडण नाही. गर्दीतून भांडत निघालो, पुलावरून भांडत गेलो, त्यांच्या घरात भांडतच शिरलो. ते मला फायनल म्हणजे काय ते शिकवत होते, मी त्यांना त्यांचंच एकोणतीस साल पटवत होतो. जोरात मूठ आपटली तर चमचा उडाला. तेव्हा पाहिलं, चमचा माझ्याच ताटातला होता. माझ्यापुढे बूया, अर्धा संपलेला. समोर त्याच टेबलाशी काका, त्यांचंही ताट अर्धं.

काकांच्याही तेव्हाच लक्षात आलं. ते थांबले. मार्सेलाकडे पाहिलं. ती मान खाली घालून पाव कापत होती, पण पाव फार वेळ कापत होती. काकांनी पातेलं माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, घे वाढून, पण तू चुकतोयस.

मी तिला विचारायला तोंड उघडलं, तर म्हणाली, आधी जेव. आणि पुढची फायनल इथे झाली तर मी जाणार, तुम्ही दोघं रेडिओ ऐका. मी म्हणालो, म्हणजे उत्तरासाठी पुढच्या फायनलपर्यंत थांबू? ती म्हणाली, तुला तेवढं थांबता येतं का? मे महिन्यात पाद्रीबाबा मोकळे आहेत, मी विचारून ठेवलंय.

लोभ आता टपालाने पाठवू नकोस. तो घेऊन मेमध्ये स्वतःच ये.

तुझा,
नॉर्बर्ट