मोरस

४ ऑगस्ट २०२५, सोमवार, सकाळी ९.४०

अर्ध्या तासापूर्वी शुक्रवार पेठेतल्या आरिफच्या दुकानातून साखरेचं पाकीट आलं. रंग मातीचा. वर छापलंय – मॉरिशस! सोलापुरात! जिथे तालुक्या-तालुक्यात कारखान्याची चिमणी आहे तिथे! उद्या हा मला चादरसुद्धा बेल्जियमची आणून देईल.

फोन लावला. "मॅडम, तुमच्या अव्वांनीच सांगितलं की. मोरस पाठव म्हणाल्या."

अव्वा म्हणजे माझी आई, एक्क्याण्णव वर्षांची. पांढऱ्या साखरेला जन्मभर मोरस म्हणते. या शहाण्याने मोबाइलवर शोधलं, मोरस म्हणजे मॉरिशस निघालं, आणि थेट पुण्याहून मागवली!

"परत घेऊन जा."

"फोडलंय का?"

फोडलं होतं. चहाही केला होता. अव्वाने एक घोट घेऊन कप सरकवला – "काकवी घातलीस का गं? मोरस आन, मग पिते."

५ ऑगस्ट

अव्वाचा चहा बंद. सकाळपासून भिंतीकडे तोंड. पण मी दुसरी साखर आणणार नाही. चूक आरिफची, बदलून त्याने द्यावी. तत्त्वाचा प्रश्न आहे!

अव्वा म्हणते, "तत्त्व घाल चहात."

६ ऑगस्ट

शब्दकोश काढला. आरिफ बरोबर निघाला. (फारच राग आला.) मोरस – मॉरिशसहून येणारी साखर. इंग्रजांनी आपलीच माणसं बोटीत भरून त्या बेटावर नेली, उसात राबवली, आणि ती साखर आपल्यालाच विकली! आठवीत सिस्टर फिलोमिनांनी साम्राज्याचा गुलाबी नकाशा रंगवून घेतला होता. मॉरिशसचा ठिपका माझा सर्वांत सुबक. शाबासकी मिळाली. बोटीत कोण होतं ते नाही सांगितलं.

आता भांडू कोणाशी? सिस्टर गेल्या. साम्राज्य गेलं. उरला आरिफ.

७ ऑगस्ट

अव्वाला हे सगळं वाचून दाखवलं. वाटलं, झोपली.

"मॉरिशस मॉरिशस काय, मिरीच बेट म्हन की! माझ्या पणज्याचा भाऊ गेलता तितं. दगड उचलला की खाली सोनं, असं सांगून नेलं. परत आला न्हाय."

मला हे आजवर कधी सांगितलं नाही!

"तू इचारलंस कवा?"

मग पाकिटाकडे बोट – "म्हंजे ही भाऊबंदांच्या वावरातली. टाक दोन चमचे."

तीन कप प्यायली.

८ ऑगस्ट

आरिफला लेखी कळवलं : पाकीट परत मिळणार नाही. आणखी चार हवीत. ऊस कोणाच्या वावरातला, त्याचं आडनाव काय, ते विचारून १५ ऑगस्ट, दुपारी बाराच्या आत लेखी उत्तर द्यावं. मोबाइलवरचा अंगठा चालणार नाही.