उजव्या खांद्यातील वायू

कृष्णनगर, २ डिसेंबर

काल पित्ताशय काढले. पोटावर चार छिद्रे. त्यांच्याविषयी तक्रार नाही. दुखतो तो उजवा खांदा — जिथे कोणी सुरी लावलेलीच नाही!

घरी सोडताना डॉक्टर समाद्दार म्हणाले, "दुर्बीण घालण्यासाठी पोटात वायू भरतात, मास्टरमोशाय. उरलेला वायू खांद्याला लागतो. चालत राहा, जाईल."

हेच वाक्य. दोन वर्षांपूर्वी, दुसऱ्या रुग्णालयात, दुसऱ्या डॉक्टरांनी याच शस्त्रक्रियेनंतर माझ्या पत्नीला हेच सांगितले होते. सुषमा त्यातून उठली नाही. चाळीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाने एकाच वाक्यावर दोनदा विश्वास ठेवू नये.

३ डिसेंबर

रेवा — सुषमाची धाकटी बहीण — शुश्रूषेसाठी येऊन राहिली आहे. दर सहा तासांनी एक गोळी देते. वेष्टन वाचले: तापावर देतात तीच! विचारले, तर म्हणते की दुखण्याची वाट न पाहता वेळेवर घेतली की तेवढी पुरते. खोकला आला की पोटाशी उशी दाबून धरायला लावते. अंगणात दहा फेऱ्या घालायला लावते. जेवायला मागुर माशाचा झोल, म्हणजे पाणचट रस्सा. हे तांदळाचे धुवण आहे काय, असे मी म्हटले, तर उत्तर मिळाले, "जीभ शाबूत आहे ना जामाईबाबू, मग बाकीचंही येईल जागेवर."

दुपारी ती फोनवर दबक्या आवाजात बोलत होती. एवढेच कानी आले — "आज तिसरा दिवस... नाही, त्यांच्याकडे मी पुन्हा विषय काढलेला नाही."

कोणता विषय?

सायंकाळ. खांदा तसाच.

४ डिसेंबर

आमच्या गावात गुडघ्यापासून कपाळापर्यंत काहीही दुखले तरी आधी गॅस, आणि गॅसवर ओव्याचा अर्क. घरोघरी बाटली असते. मी ती मागितली. रेवाने दिली नाही.

"हा पचनाचा गॅस नव्हे, जामाईबाबू. नळीने भरलेला आहे, अर्कानं कसा उतरेल? तीन-चार दिवसांत आपोआप जिरतो. पाचव्या दिवशीही दुखलं, तर आत काही गळत असेल, ताबडतोब आणा — हेही सांगितलं होतं डॉक्टरांनी. तुम्ही 'वायू' ऐकलंत आणि चपला शोधायला लागलात."

मी म्हटले, हे तुझे पदरचे आहे. सुषमाच्या वेळी असे कोणीही सांगितले नव्हते.

ती बराच वेळ उशीचा अभ्रा नीट करत राहिली. मग म्हणाली, "सांगितलं होतं. मी तुमच्या शेजारीच उभी होते. हाच विषय पुन्हा काढायचा नव्हता मला."

खोटे बोलते आहे! डॉक्टरांची बाजू घेते आहे. कदाचित त्यांनीच पढवले असेल. उद्या पाचवा दिवस. उद्या खांदा दुखणारच, आणि मग मी या सर्वांना जाब विचारणार आहे.

५ डिसेंबर

खांदा दुखत नाही. हात वर नेऊन दोनदा पाहिला. काही नाही.

सुषमाचा नवव्या दिवशीही दुखत होता. नवव्या दिवशीही मी तिला अर्कच दिला.