अण्णा, तुमचा खानसाहेब

प्रिय अण्णा,

तुमच्या वर्षश्राद्धाच्या तोंडावर तुम्हाला असं चिडून लिहावं लागेल, असं वाटलं नव्हतं. पण तुमच्या त्या ठाकूरद्वारच्या वाचनालयवाल्यांनी माझं डोकंच फिरवलंय!

तुमच्या आठवणीसाठी पुस्तक छापतो म्हणाले, म्हणून विश्वासानं तुमच्या कादंबरीचं हस्तलिखित दिलं. परवा प्रुफं हातात आली. अण्णा, तुमचा खानसाहेब त्यात नाहीच हो! पोरवयात घोड्यांच्या व्यापाऱ्यांबरोबर इराणातून आलेला, मोगलांच्या फौजेत साध्या शिपायाचा सरदार झालेला तुमचा माणूस. त्याचा नुसता राक्षस केलाय. किल्ला पडल्यावर आपल्या जखमी मावळ्यांना त्यानं डोल्या करून घरी पोचवलं, ते पान सबंध उडवलं. वर 'क्रूरकर्मा' हा शब्द जागोजागी घुसडलाय. आणि नाव कुणाचं? तुमचं!

चिटणीस म्हणतात, "ताई, दिवस कसले आहेत? संयुक्त महाराष्ट्राची लढाई ऐन भरात आलीय. आता मोगल सरदाराचं कौतुक बरं दिसतं का?"

बरं दिसतं का म्हणे! मोर्च्यात लाठी खाऊन खांदा निखळला तो कुणाचा? तुमचाच ना? हे महाशय त्या दिवशी दाराला कडी लावून बसले होते. तुम्हाला महाराष्ट्र शिकवणारे हे कोण टिकोजीराव?

तुमचाही राग येतो मला. तुम्ही असतानाच, काही पानं वाचून, यांची कुरबुर सुरू झाली होती. तेव्हा तुमचं आपलं, "असू दे गं, बघू सावकाश." शाळेत शिकवून झालं की बेकरीवाल्या म्हाताऱ्या इराण्यापुढे बसून वर्षानुवर्षं फारसी गिरवलीत, आणि यांना एकदा ठणकावायला जीभ रेटली नाही? का हो, अण्णा?

शेवटी मीच बोलले. "अण्णांचं नाव काढा, नाहीतर हस्तलिखित परत द्या."

"मग पुस्तक निघायचं नाही."

"नको निघू दे!" म्हटलं, बाड काखेत मारलं आणि लालबागपर्यंत तणतणत चालत आले. घरी आल्यावर मात्र खूप रडले.

हल्ली आपल्या चाळीत सकाळी गॅलरीत पेपर मोठ्यानं वाचतात. मोर्च्याच्या बातम्या ऐकायला सगळे जमतात. वाचायचं काम माझ्याकडे. आज पेपर संपला तरी मी उठले नाही. तुमचं पहिलं प्रकरण काढलं. समोरचा गणपत कुरकुरला, "मोगलांचं कशाला आता?" मी वाचतच सुटले.

शेजारच्या काशीकाकू तांदूळ निवडत होत्या. त्यांचा मुलगा बाबल्या सत्याग्रहात पकडला गेलाय, अजून सुटला नाही. मध्येच म्हणाल्या, "गो, तेची आवस खंय होती?"

"त्याची आई? तिकडेच, इराणात."

"मगे तो परत गावलो तिका?"

"नाही काकू. कधीच भेटला नाही."

त्यांनी सूप खाली ठेवलं, डोळ्यांना पदर लावला. गणपतकडे वळून म्हणाल्या, "गप ऱ्हव रे मेल्या! तू वाच गो फुडे."

अण्णा, रोज एक प्रकरण वाचीन. तुमचा एक शब्द गाळणार नाही, आणि कुणाला गाळू देणार नाही.

तुमची लेक,
सुमन